कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’ पुन्हा पुन्हा येतंय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून एक चौकट सरकत वर येते. लाल त्रिकोण, त्याखाली ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले’ आणि शेजारी ‘आत्ता साफ करा’चं बटण. फुली मारली की जाते, थोड्या वेळाने दुसरी हजर. कधी अँटिव्हायरसची मुदत संपलेली असते, कधी बँक खातं धोक्यात असतं, कधी कुणा अनोळखी बाईचा ‘मेसेज’ आलेला असतो. दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती लॅपटॉपमध्ये ही तक्रार इतकी नेमाने येते, की ‘अरे, व्हायरस शिरलाय बघ’ असं काकू फोनवर म्हणाल्या की मी पहिलं विचारतो, ‘कोपऱ्यात येतंय की पूर्ण स्क्रीनभर?’

बहुतेक वेळा उत्तर ‘कोपऱ्यात’ असतं, आणि बहुतेक वेळा मशीनमध्ये व्हायरस नसतो. कुठल्या तरी वेबसाइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिलेली असते आणि ती साइट त्या परवानगीचं सोनं करत असते. म्हणून नवा अँटिव्हायरस विकत घेऊन हे थांबत नाही. फॉरमॅट मारल्यावर थांबतं, पण काही दिवसांनी पुन्हा सुरू होतं. कारण माणूस पुन्हा त्याच साइटवर जातो आणि तेच बटण दाबतो.

खालच्या तपासण्या सोप्या आणि फुकटापासून अवघडाकडे जातात. क्रम मोडू नका. लोक थेट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, हात घालतात आणि दोन मिनिटांच्या कामाचा दिवसभराचा घोळ करून ठेवतात.

लक्षणं

आधी तुमचं दुखणं यातलं कुठलं ते ठरवा, म्हणजे कुठल्या पायरीवर जायचं ते कळेल.

कोपऱ्यात चौकटी येतात, कधी तर ब्राउझर बंद असतानाही. बाकी मशीन नीट चालतं. हे परवानगीचं प्रकरण. पहिल्या तीन तपासण्यांत संपायला हवं.

अचानक पूर्ण स्क्रीन निळी किंवा लाल होते, भोंगा वाजतो, एक आवाज ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, बंद करू नका’ असं बजावतो आणि मधोमध मोठ्या अक्षरात फोन नंबर असतो. ही फसवणुकीची वेबसाइट आहे, दुसरं काही नाही. मात्र तो नंबर फिरवला तर प्रकरण वेगळं होतं.

ब्राउझर उघडला की गूगलऐवजी भलतंच सर्च पान येतं, शोधलं एक तर उघडतं दुसरं, आपोआप नवे टॅब उघडतात. इथे एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) किंवा स्वतंत्र प्रोग्राम खरोखर शिरलेला असतो.

फोनवर कुठलंही अ‍ॅप उघडलेलं नसताना पूर्ण स्क्रीनभर जाहिरात येते. हा फोनमधल्या एखाद्या अ‍ॅपचा उद्योग. त्याची वेगळी तपासणी खाली दिली आहे.

आणि ही लक्षणं दिसली तर मधलं काही वाचत बसू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा: माउस आपोआप हलतोय, न मागितलेले ओटीपी येतायत, फोटो आणि फायली उघडत नाहीत आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी पडली आहे, किंवा कुणीतरी फोनवर सांगितल्याप्रमाणे तुम्ही एखादं अ‍ॅप टाकलं आहे.

तपासणीआधी: पूर्ण स्क्रीनवाला भोंगा बंद कसा करायचा

घाबरून लोक मेन स्विच बंद करतात. त्यानेही काम होतं, पण गरज नसते. एस्केपची कळ दोन-चार सेकंद दाबून धरा. ब्राउझर पूर्ण स्क्रीनमधून बाहेर येतो आणि वर फुली दिसते. नाही आली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात क्रोम किंवा एज, जे चालू असेल ते निवडून ‘एंड टास्क’ करा. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर तो ‘आधीची पानं परत उघडू का’ असं विचारतो. तिथे नाही म्हणा, नाहीतर तोच भोंगा पुन्हा वाजेल.

फोन नंबराबद्दल एकच नियम पुरतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. कंपनीने हे स्वतः जाहीर करून ठेवलंय. नंबर दिसला की इशारा खोटा. हे नंबर फिरवल्यावर पलीकडे बोलणारी माणसं पुष्कळदा आपल्याच देशात बसलेली असतात. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून अशा बनावट टेक सपोर्ट कॉल सेंटरांविरुद्ध सीबीआयने ऑक्टोबर 2023 मध्ये ‘ऑपरेशन चक्र 2’ हाती घेतलं, त्यात देशभर 76 ठिकाणी छापे पडले. त्यांचं गिऱ्हाईक मुख्यतः परदेशातलं. त्यामुळे मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहायला गेलेल्या आई-बाबांनाही हे सांगून ठेवा. तिथल्या स्क्रीनवर टोल-फ्री नंबर दिसतो म्हणून तो खरा ठरत नाही.

पहिली तपासणी: चौकटीतली बारीक अक्षरं वाचा

मोठी अक्षरं कुणीही काहीही लिहू शकतं. त्यात विंडोजचं चिन्ह, नामांकित अँटिव्हायरसचा लोगो, सगळं चिकटवता येतं. बारीक अक्षरं मात्र ब्राउझर स्वतः लिहितो, साइटला ती बदलता येत नाहीत. चौकटीच्या कडेला ‘गूगल क्रोम’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट एज’ असं लिहिलेलं असतं आणि जवळच साइटचा पत्ता असतो, बहुतेकदा निरर्थक अक्षरांची आगगाडी. चौकट निघून गेली असेल तर घड्याळावर क्लिक करा. विंडोजच्या नोटिफिकेशनच्या यादीत ती पडून असते.

यातून तीन शक्यता निघतात. ब्राउझरचं नाव आणि अनोळखी पत्ता दिसला तर दुसऱ्या तपासणीकडे जा. ‘विंडोज सिक्युरिटी’ असं नाव असेल आणि क्लिक केल्यावर ब्राउझर न उघडता विंडोजचीच ढालीची खिडकी उघडत असेल, तर इशारा खरा आहे. सहावी तपासणी करा. तिसरी शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. नव्या लॅपटॉपमध्ये कंपनीने अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती आधीच भरून दिलेली असते. ती संपली की ‘मुदत संपली, नूतनीकरण करा’चा लकडा लागतो. ही चौकट बनावट नाही, पण ती धोक्याची सूचनाही नाही, विक्री आहे. तो प्रोग्राम अनइन्स्टॉल करा. तो गेला की विंडोजमधलाच डिफेंडर आपोआप चालू होतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे. मला वर्षाचे पैसे भरून घेतलेल्या अँटिव्हायरसची गरज बहुतेक घरांत दिसत नाही. विकणाऱ्यांचं मत अर्थातच वेगळं असेल.

दुसरी तपासणी: परवानगी काढून घ्या

ही सोय क्रोममध्ये 2015 साली आली. साइट उघडी नसतानाही मेल, बातमी, कॅलेंडरची आठवण पोचावी म्हणून. एकदा ‘अलाउ’ दाबलं की ब्राउझर त्या साइटचा एक छोटा मदतनीस आत नोंदवून ठेवतो. पुढे टॅब बंद असला तरी तो जागा होऊन चौकट दाखवतो. वॉचमनला ‘यांना केव्हाही वर सोडा’ सांगून ठेवल्यासारखं आहे. कुलूप बदलून उपयोग नाही, वहीतलं नाव खोडावं लागतं. अँटिव्हायरसला यात पकडण्यासारखं काही सापडत नाही, कारण डिस्कवर कुठलीही घातक फाइल आलेली नसते.

नाव खोडायची जागा क्रोममध्ये अशी: वर उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’. खाली सरका. ‘अलाउड’ या मथळ्याखाली परवानगी दिलेल्या साइटींची यादी आहे. जे ओळखीचं नाही ते, आणि ओळखीचं असूनही नको आहे ते, शेजारच्या तीन ठिपक्यांतून ‘ब्लॉक’ करा. ‘रिमूव्ह’ही आहे, पण रिमूव्ह केलेली साइट पुढच्या भेटीत पुन्हा विचारू शकते, ब्लॉक केलेली विचारत नाही.

मी घरगुती मशीनवर याच पानाच्या वरचा पर्यायही बदलतो: ‘साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’. मग कुठलीही नवी साइट विचारणारच नाही. जीमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप वेबची सूचना हवी असेल तर तेवढी नावं ‘अलाउड’मध्ये राहू द्या.

एजमध्ये सेटिंग्जच्या शोध खिडकीत ‘नोटिफिकेशन’ टाकलेलं बरं, कारण मेनूची जागा आवृत्तीगणिक बदलते. फायरफॉक्समध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधल्या ‘परमिशन्स’खाली, मॅकवरच्या सफारीत सेटिंग्जमधल्या ‘वेबसाइट्स’मध्ये. अँड्रॉइड फोनवर क्रोम उघडून तीन ठिपके, सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज किंवा नोटिफिकेशन्स. त्याहून सोपं म्हणजे आलेली सूचनाच बोटाने दाबून धरायची, तिथेच ती बंद करता येते. आयफोनवर वेबसाइटची अशी सूचना यायला ती साइट आधी होम स्क्रीनवर ठेवावी लागते, म्हणून तिथे ही कटकट सहसा दिसत नाही.

यादीत नावं कुठून आली असा प्रश्न प्रत्येकाला पडतो. ‘मी काहीच दाबलं नाही.’ दाबलेलं असतं, फक्त ते दाबताना वेगळं काही वाटत होतं. फुकट सिनेमाची साइट, क्रिकेटचं चोरून चालणारं थेट प्रक्षेपण, पीडीएफचं वर्ड करून देणारी साइट. मध्ये एक पान येतं: ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा.’ खऱ्या रोबोट-तपासणीत सिग्नलचे खांब किंवा सायकली ओळखायला लावतात, नोटिफिकेशनची परवानगी मागत नाहीत. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशीही असंच होतं. मंडळाची साइट गर्दीने अडकते, घरचे सर्चमध्ये वर दिसेल ते उघडत सुटतात आणि संध्याकाळपासून चौकटी सुरू. सातबारा, नोकरभरती, योजनांचे अर्ज यांचंही तेच. सातबाऱ्याची, म्हणजे महाभूमीची, खरी साइट ‘गव्ह डॉट इन’वर संपते. सर्चमध्ये वर ‘स्पॉन्सर्ड’ म्हणून आलेलं काहीही असल्या कामांसाठी उघडू नका.

तिसरी तपासणी: काढूनही येतंय का?

तर बहुतेकदा तुम्ही दुसऱ्याच घरात झाडू मारलाय. क्रोम साफ केला, पण चौकट एजची होती. बारीक अक्षरं पुन्हा बघा. किंवा क्रोममध्ये दोन प्रोफाइल आहेत, एक बाबांचं, एक मुलीचं. प्रत्येक प्रोफाइलची परवानग्यांची यादी स्वतंत्र असते. वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक केलं की किती प्रोफाइल आहेत ते दिसतं. प्रत्येकात जाऊन यादी बघावी लागते.

ब्राउझर बंद असताना चौकटी येतात याचं कारणही साधं आहे. क्रोमच्या सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’मध्ये ‘क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड अ‍ॅप्स चालू ठेवा’ असा पर्याय असतो, एजमध्येही तसाच आहे. बंद करून टाका. मशीनला रॅम कमी असेल तर तेवढीच बचत.

काही जण चौकटीवरच्या तीन ठिपक्यांतून विंडोजलाच सांगतात, ‘क्रोमच्या सगळ्या सूचना बंद’. शांतता होते, पण परवानगी तशीच राहते आणि उद्या ऑफिसच्या मीटिंगची आठवणही येत नाही.

चौथी तपासणी: एक्स्टेन्शन

सर्चचं पान बदललंय, टॅब आपोआप उघडतायत, तर इथून सुरुवात. क्रोमच्या तीन ठिपक्यांतून ‘एक्स्टेन्शन्स’ उघडा. घरगुती मशीनवर दोन-तीनपेक्षा जास्त एक्स्टेन्शन असायचं कारण नाही. ‘पीडीएफ सर्च’, ‘कूपन’, ‘इझी व्हिडिओ डाउनलोडर’, ‘न्यू टॅब’ अशा नावांची आधी काढा. कामाचं वाटणारंही काढून बघायला हरकत नाही. लागलं तर पुन्हा टाकता येतं. एक्स्टेन्शनला पानावरचं सगळं वाचायची मुभा असू शकते, बँकेच्या पानासकट. म्हणून जाहिरातीपेक्षा हा धोका मोठा.

काढलेलं एक्स्टेन्शन दुसऱ्या दिवशी परत आलं, तर गूगल खात्याचं सिंक बघा. तेच खातं घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर चालू असेल आणि तिथे ते एक्स्टेन्शन असेल, तर सिंक ते इकडे आणून बसवतं. दोन्हीकडून काढा.

एवढं झाल्यावर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘रीसेट सेटिंग्ज’ करून टाका. सर्च इंजिन, सुरुवातीचं पान, एक्स्टेन्शन सगळं मूळपदावर येतं. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. लोक याच भीतीने रीसेट टाळतात.

पाचवी तपासणी: आत बसलेला प्रोग्राम

सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. यादी तारखेप्रमाणे लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमाराचं काय आहे ते बघा. ड्रायव्हर अपडेटर, पीसी क्लीनर, स्पीड बूस्टर, अनोळखी ब्राउझर: सगळं घालवा. कशाची ओळख पटत नसेल तर त्याचं नाव सर्च करा, पण सर्चमध्ये ‘हे काढण्यासाठी आमचं टूल डाउनलोड करा’ म्हणणाऱ्या पानांवरून काहीही उतरवू नका. ती अर्धी पानं पुढच्या त्रासाची पेरणी असतात.

मग टास्क मॅनेजरचा ‘स्टार्टअप’ भाग. तिथे अनोळखी काही असेल तर ‘डिसेबल’. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘टार्गेट’ची ओळही बघा. ती क्रोमच्या फाइलच्या नावावर संपायला हवी; त्यापुढे प्रोफाइलचा उल्लेख असेल तर चालतो, पण एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर चिन्ह काढून टाका आणि स्टार्ट मेनूतून नवं घ्या.

क्रोमच्या मेनूत अगदी खाली ‘तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो’ अशा अर्थाची ओळ दिसते का? ऑफिसच्या लॅपटॉपवर ती असणारच. घरच्या लॅपटॉपवर असेल तर एखादा प्रोग्राम ब्राउझरवर धोरण लादून बसलाय, म्हणूनच काढलेलं एक्स्टेन्शन निघत नाही किंवा ‘रिमूव्ह’चं बटणच दिसत नाही. काही अँटिव्हायरसही हे करतात, त्यामुळे ओळ दिसली म्हणून लगेच हाय खाऊ नका. पत्त्याच्या जागी ‘क्रोम’, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असं इंग्रजीत टाकून एंटर मारा; काय लादलंय ते दिसेल. ते काढायला मात्र रजिस्ट्रीत जावं लागतं. तिथे आधी कधी गेला नसाल तर इथेच थांबा आणि माणूस बोलवा. चुकीची नोंद काढली तर विंडोज सुरूच होणार नाही आणि साध्या दुखण्याचं ऑपरेशन होऊन बसेल.

सहावी तपासणी: डिफेंडरची खोल झडती

‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, मग ‘स्कॅन ऑप्शन्स’. आधी ‘फुल स्कॅन’ लावा. जुन्या हार्ड डिस्कवर याला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. नंतर ‘ऑफलाइन स्कॅन’. यात मशीन बंद होऊन विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते. काही घातक प्रोग्राम विंडोज चालू असताना स्वतःला लपवतात, त्यांना लपायला जागा राहत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. काम उघडं असेल तर आधी सेव्ह करा.

डिफेंडर बंद दिसतोय आणि चालूच होत नाही? तर विचार करा, विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करायला कुणी एखादं छोटं टूल चालवलं होतं का. चोरीचं विंडोज किंवा ऑफिस चालवायची ती टूल टाकताना पहिलीच सूचना असते, ‘अँटिव्हायरस बंद करा’. मग त्यासोबत काय काय आत आलं ते कोण बघणार?

विंडोज 10 अजून चालवत असाल तर 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा नेहमीचा आधार संपला, हेही लक्षात घ्या. अपडेट येत नसतील तर कितीही झडती घेतली तरी जुनी भोकं उघडीच राहतात.

घरातल्या सगळ्या उपकरणांवर, फोनवरही, भलतीच पानं उघडतायत आणि वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावला की थांबतंय, असं असेल तर दोष राउटरमध्ये आहे. केबलवाल्याला सांगून राउटर रीसेट करून घ्या आणि ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड असेल तर तो बदलायला लावा.

फोनवरच्या पूर्ण स्क्रीन जाहिराती

जाहिरात आली की ती बंद करण्याआधी ‘रीसेंट्स’चं बटण दाबा. उघडलेल्या अ‍ॅपच्या कार्डांत जाहिरात कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. बहुतेकदा टॉर्च, क्यूआर स्कॅनर, फाइल मॅनेजर, वॉलपेपर असलं काहीतरी. ते काढा. निघत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये (त्यात बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत) सुरू करून काढा, आणि ‘इतर अ‍ॅप्सवर दिसण्याची परवानगी’ कुणाकुणाला आहे ती यादी एकदा बघा.

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून आलेली एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) टाकली असेल, तर मात्र ती नुसती जाहिरात नव्हे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही. अशी अ‍ॅप्स एसएमएस वाचतात, म्हणजे ओटीपीही वाचतात. सिम काढा, नेट बंद करा आणि पुढचा भाग वाचा.

इथे थांबा

खालीलपैकी काही घडलं असेल तर वरच्या तपासण्या करत वेळ घालवू नका.

फोनवरच्या माणसाने एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा तसलं काही टाकायला लावलं आणि तुम्ही टाकलं. ही अ‍ॅप्स वाईट नाहीत, आम्हीही वापरतो; पण अनोळखी माणसाला कोड दिला की पूर्ण मशीन त्याच्या हातात जातं. लगेच वायफाय तोडा, मशीन बंद करा.

एखाद्या पानाने ‘रोबोट नाही हे सिद्ध करा’ म्हणून विंडोज आणि आर ही बटणं दाबायला लावली, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. ही युक्ती 2024 पासून जोरात आहे. पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेला आदेश तुम्ही स्वतःच्या हाताने चालवलेला असतो, आणि तो ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड उचलून नेतो. लुमा नावाच्या अशाच पासवर्डचोर प्रोग्रामची यंत्रणा मे 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने कारवाई करून खिळखिळी केली, पण असे प्रोग्राम एकटादुकटा नसतात. यात कोपऱ्यात चौकट येत नाही, काहीच दिसत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात.

दोन्ही प्रकारांत पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड ईमेलवरून बदलता येतात. मग बँकेचे. ईमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा, नाहीतर चोराकडे तुमचं खातं उघडंच राहतं.

पैसे गेले असतील तर आधी बँकेला फोन, लगेच 1930 ला फोन, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार. बँकेचा नंबर कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्या, सर्च करून नको. जेवढं लवकर कळवाल तेवढी पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे ओटीपी किंवा पासवर्ड तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. त्यामुळे ‘आधी मुलगा येऊ दे, मग बघू’ हे महागात पडतं. तक्रार होईपर्यंत मशीन फॉरमॅटही करू नका, स्क्रीनचे आणि कॉल लॉगचे फोटो काढून ठेवा.

फायली लॉक करून पैसे मागणारी चिठ्ठी असेल तर मशीन बंद करा, पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावू नका, तीही लॉक होईल. जाणकाराकडे न्या. पैसे भरले म्हणजे फायली मिळतातच असं नाही.

आणि सहाही तपासण्या करून त्रास चालूच असेल तरीही माणूस बोलवा. इथे फॉरमॅट योग्य आहे. मात्र आधी विचारा की माझा डेटा कुठे आणि कसा काढून ठेवणार. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळे सांगतात. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये असतो, तो राहून जातो. लॅपटॉप विंडोजसह घेतलेला असेल तर विंडोज 8 पासूनच्या मशीनमध्ये परवान्याची किल्ली मदरबोर्डमध्येच असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की ती आपोआप चालू होते, विंडोजचे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत आणि ‘क्रॅक’ मारून घ्यायची तर अजिबात गरज नाही. जुनी मराठी कागदपत्रं शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर फॉन्टच्या फायलीही कॉपी करायला सांगा. नाहीतर फॉरमॅटनंतर आजोबांच्या आठवणींच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल आणि तोही व्हायरस वाटेल.